तळाचं थंड पाणी

माझे बाबा तलावाचं पाणी तोंडात धरायचे. प्यायचे नाहीत, चूळही भरायचे नाहीत, डोळे मिटून नुसतं धरून उभे राहायचे. "दिवसातून तेवढीच एक घडी गप रायते हा माणूस," माय म्हणायची. आम्ही भोई. चांदूर रेल्वे आणि तिवसा यांच्या मधल्या पट्ट्यात एक जुना तलाव आहे, त्याच्या पाळीला लागून आमची दहा-बारा घरं. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. जाळं कुठं टाकायचं हे ठरवण्याआधी बाबा डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, पाण्यात पितळी लोटा सोडायचे. लोट्याच्या बुडाला दगड बांधलेला, तोंडात चिंध्यांचं बूच, आणि बुचाला वेगळी दोरी. लोटा तळाला टेकला की त्या दोरीला हिसका द्यायचा. बुडबुडे वर आले की समजायचं, तळचं पाणी लोट्यात भरलं. मग वर ओढून एक घोट तोंडात. थुंकून झालं की निकाल: "मासा अर्ध्यात हाय," नाहीतर "आज तळाले बसला." जाळं तिथंच पडायचं. कधीमधी चुकायचे. चुकले की माय तीन दिवस सोडायची नाही. "जिभीले फोड आला काय?" म्हणून भाकर वाढता वाढता विचारायची.

मला त्यांनी पाण्याचे तीन प्रकार शिकवले होते. शब्द त्यांचेच, दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ऐकले नाहीत. नवं पाणी म्हणजे पुराचं, मातीच्या चवीचं. जुनं पाणी म्हणजे हिवाळ्यातलं, निवळलेलं, गोडसर. तिसरं मुकं पाणी. ते शिकवायला बाबा मला गावाबाहेरच्या एका पडीक विहिरीवर घेऊन गेले. तिच्यावर वर्षानुवर्षं फळ्या टाकलेल्या होत्या. लोटा सोडला, वर काढला, घोट माझ्या तोंडात दिला. पाणी थंडगार होतं. मला तर आवडलं. पण थुंकल्यावर जिभेवर गंजलेला खिळा चाटल्यासारखी चव मागं राहिली.

"थंड रायते हे पानी," बाबा म्हणाले, "पण मुकं असते. ह्याच्यात मासा टाक, संध्याकाळपर्यंत पोट वर करून येते."

"काहून पण?"

"काहून ते मले काय मालूम? मुकं म्हंजे मुकं."

मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. पुढं बारावी सायन्स झाले, आमच्या घरांतून तेवढी शिकलेली मीच पहिली. बीएस्सीला पहिल्याच वर्षी आपटले. मग अमरावतीच्या एका कॉलेजात नोकरी लागली, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत. आता खरं सांगते, कारण हे लिहायला बसलेय ते खरं सांगायलाच: मी तिथं बाटल्या धुवायचे. परीक्षानळ्या, चंबू, काचेची घट्ट बुचं असलेल्या पाण्याच्या नमुन्याच्या बाटल्या. लॅब अटेंडंट. कामात लाज कसली, पण मी गावात कधी सांगितलं नाही. गावात सगळ्यांना वाटायचं, भोयाची पोरगी अमरावतीले कॉलेजात पाण्यावर संशोधन करून राहिली. वाटू दिलं. मी रागीट आहे, आणि रागीट माणसाला मान लवकर आवडायला लागतो. सुट्टीत घरी गेले की म्हातारी माणसं खाटेवर जागा करून द्यायची. ती जागा मला सोडवेना.

एकदा बाबा माझ्यासाठी मायनं केलेल्या कानोल्यांचा डबा घेऊन अमरावतीला आले होते. मला भेटलेच नाहीत. डबा फाटकावरच्या चौकीदाराजवळ देऊन गेले. मी पुढं विचारलं तर म्हणाले, "एवढं मोठं कॉलेज बाप्पा! तुया ठिकाणाच नाई लागला." मला हायसं वाटलं.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. पेपरात रोज आमच्या भागातल्या गावांची नावं यायची, आणि कशासाठी यायची ते सगळ्यांना ठाऊक होतं. ती नावं वाचून माणसं पेपर घडी घालून ठेवून द्यायची. तलावाचं तसं काही पेपरात येत नव्हतं. पण बाबांच्या जिभेला ते आधीच कळलं होतं. माझ्या लहानपणी मार्गशीर्ष-पौषात बायका झिंगे धरायला पाण्यात उतरल्या की किंचाळायच्या, एवढं पाणी झोंबायचं. मग हिवाळेच आखडले. बाबा म्हणायचे, "पानी निवतच नाई आता. थंडीचा जोर दोन-चार दिवस, लगेच कोमट." वैशाखात वरचं पाणी आंघोळीला काढल्यासारखं व्हायचं. रात्री निवायला वेळ मिळायचा नाही, कारण रात्रीसुद्धा गरम वारा. पाण्यावर हिरवी साय धरायला लागली. शिंपले काठ सोडून खोल गेले. एक बारीक रुपेरी मासळी होती, आम्ही तिला चिंधी म्हणायचो, ती तर एका उन्हाळ्यानंतर दिसलीच नाही. माय आधी बाजारात तिचा वाटा लावून बसायची. गिऱ्हाईक विचारायचं तर म्हणायची, "गेली माहेराले." पुढं पुढं गिऱ्हाईकांनी विचारणंच सोडून दिलं.

या सगळ्यात आमचा भरवसा होता मोठ्या राहूंवर. वीस-पंचवीस असतील. पुरुषाच्या मांडीएवढे मासे, वर्षानुवर्षं आम्ही जाळ्यातून परत सोडलेले. पहिल्या पुरात ते नाल्यात चढायचे आणि अंडी टाकून परत यायचे. तलावात जो काही राहू होता तो सगळा त्यांचा वंश. बाहेरून बीज आणून टाकायची आमची ऐपत नव्हती आणि बाबांना ते पटतही नव्हतं. आमच्यात त्या माशांना 'घरचे' म्हणत. घरचे जाळ्यात आले की हात ओला करून धरायचं, आणि सोडताना त्यांचं तोंड नाल्याकडं करायचं, अशी आमची रीत होती. कोरड्या हातानं धरलं म्हणून बाबांनी माझ्या चुलतभावाच्या कानशिलात दिली होती. एरवी त्यांनी मुंगीलाही मारलं नसतं.

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता आणि उन्हाळा फाल्गुनातच चढला. तलावाच्या वरच्या अंगाला एका काकांची संत्र्याची बाग होती. त्यांनी तलावाला डिझेल इंजिन लावलं. ओढून ओढून पाणी शेततळ्यात टाकायचे आणि तिथून झाडांना. आमच्यातले काही जण म्हणाले, बंद करायला लावा. बाबा म्हणाले, "झाडं मेली तं तो मरते. पेपर वाचत नाई काय तुमी?" इंजिन सुरूच राहिलं. पाणी खाली खाली गेलं. वैशाखात तलावाचे दोन तुकडे झाले. एकीकडं गुडघाभर पसरट पाणी, त्यातच घरचे अडकलेले. दुसरीकडं पाळीखालचा डोह, पाळ बांधायला पूर्वी माती खणली तो खड्डा. तो दोन पुरुष खोल होता, आणि अजून भरलेला होता.

मायचा कॉलेजात फोन आला. "घरचे वाचवा लागते. तू ये. तुया बाप म्हणते, पोरीले इचारू." हे वाक्य ऐकून मी तिथंच फुलले.

आमच्या प्रयोगशाळेत एक मॅडम होत्या, पाण्यावर खरंखुरं काम करणाऱ्या. मी त्यांच्याकडं थर्मामीटर मागितला. त्यांनी लगेच दिला आणि त्या नमुन्याच्या बाटल्यांकडं हात करून म्हणाल्या, "नुसतं तापमान घेऊन काय करशील? चार बाटल्या घेऊन जा, दोन औषधं देते, थेंब टाकून आण." मी "हो मॅडम" म्हणाले. पण लग्नसराई होती. एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. काचेच्या बाटल्या कोण सांभाळणार, फुटली तर भरून कोण देणार, आणि औषध कशात किती टाकायचं ते परत विचारायला गेले तर मॅडमना कळणार की एवढी वर्षं बाटल्या धुऊन हिला एवढंही माहीत नाही. हे शेवटचं कारण खरं. बाटल्या कपाटातच राहिल्या. थर्मामीटर मी पर्समध्ये रुमालात गुंडाळून नेला.

सकाळी पाळीवरच्या चिंचेखाली सगळे जमले होते. आमची सगळी घरं, संत्रावाले काका, आणि अकोल्याहून मासळी घ्यायला येणारे चाचा. चाचांचं म्हणणं साधं होतं. "बेच डालो भाई. इस गर्मी में मछली रखना मतलब बर्फ को जेब में रखना." लग्नसराईत घरच्यांना गिऱ्हाईक होतंच. पण विकायचं नाही हे बाबांनी आधीच सांगून टाकलं. मग राहिल्या दोन जागा. एक डोह. दुसरी काकांचं शेततळं. काका स्वतःच म्हणाले, "माया तळ्यात आना ना. माह्याच इंजिनानं पानी तोडलं, तं माहीबी काई जबाबदारी हाय का नाई?"

बाबा मला घेऊन आधी शेततळ्यावर गेले. इंजिन सुरू होतं, पाइपातून पाण्याची जाड धार धो धो तळ्यात पडत होती, फेस उडत होता. बाबांनी ओंजळीतलं पाणी तोंडात घेतलं, थुंकलं, आणि म्हणाले, "गरम हाय. पण बोलते." मी थर्मामीटर धरला. पारा वर चढला. मग डोहावर आलो. बाबांनी लोटा सोडला, हिसका दिला, बुडबुडे आले, लोटा वर. मी आधी थर्मामीटर लोट्यात बुडवला. पारा झरझर खाली उतरला. मला एवढा आनंद झाला! मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "थंड आहे! मस्त थंड आहे खाली!"

बाबांनी लोट्यातला घोट तोंडात घेतला. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला. थुंकून झाल्यावर हातानं ओठ पुसत राहिले. मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "मुकं तं नाई ना वं हे?"

मी हसले. सगळ्यांसमोर हसले. माझं हसणं मला ऐकू येतं अजून. "बाबा," मी म्हणाले, "हे काय जिभेवर चालते काय? हा पारा पहा. शेततळ्यात टाकले तर शिजून जातील मासे. इथं खाली थंड आहे. गरम वाटलं तर मासे खाली जातील, साधं आहे." चिंचेखालची माणसं माझ्याकडं पाहत होती. कोणीतरी म्हणालं, "आता इले मालूम का तुले? थे त्याचंच शिकते." बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मग त्या माणसांकडं पाहिलं. "बराबर हाय," ते म्हणाले. "पोरगी म्हनते तं डोहातच."

घरच्यांना न्यायला मायनं तिचं हिरवं लुगडं दिलं. ते पाण्यात भिजवून त्याची झोळी केली, झोळीत पाणी घेतलं, दोन माणसं दोन्हीकडून धरणार, मध्ये एकेक मासा. ऊन तापायच्या आत सगळे नेऊन झाले. प्रत्येकाला सोडताना बाबा ओल्या हातानं त्याचं तोंड नाल्याकडं वळवत होते. नाला तर कोरडा ठाक होता, पण रीत ती रीत. शेवटची मादी सगळ्यात मोठी, एका डोळ्यावर पांढरा डाग असलेली. बाबा तिला 'बुढी' म्हणत. तिला सोडून ते बराच वेळ कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. "जा वं बुढे," म्हणाले, "पोरीनं पानी पायलं हाय."

मी दोन दिवसांनी अमरावतीला परतले. फोनवर खुशाली कळायची. डोह शांत आहे. दोन-तीनदा पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करताना दिसले. लोकांना वाटलं मासा दिसतो आहे म्हणजे चांगलं आहे. मलाही तेच वाटलं. खरं तर वरचं पाणी त्यांना भाजत होतं, खालच्या पाण्यात श्वास नव्हता, आणि त्या दोन्हींच्या मधल्या एका पातळ पट्टीत ते कसेबसे दिवस काढत होते. हे मला तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं. होतं, पण मी त्याला हसले होते.

मग एका संध्याकाळी वादळ आलं. आधी धूळ, मग गार वारा, मग गारा. अमरावतीत माझ्या खोलीच्या गच्चीवर सगळ्या पोरी गारा वेचत होत्या. मीही वेचल्या. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा अंगाला थंड लागत होतं. मी मनात म्हटलं, चला, घरच्यांचा जीव वाचला. मी त्या दिवशी खूप हसले आणि पोटभर जेवले.

सकाळी कॉलेजच्या ऑफिसात फोन. माय होती. "ये," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. माझी माय, जी बाजारात एका गिऱ्हाईकाशी घासाघीस करताना चार बाजार ऐकतील एवढं बोलायची.

डोहावर पोहोचले तेव्हा दुपार होत आली होती. सडक्या अंड्यासारखा वास पाळीच्या अलीकडंच आला. पाणी चहासारखं काळपट झालं होतं, आणि त्यावर सगळीकडं पांढरी पोटं. नुसते घरचे नाहीत, त्यांची पिल्लं, पोरंटोरं, झिंगे, सगळं. काठाच्या चिखलात दोन-तीन मरळ तेवढे हलत होते. ती जात वर येऊन हवेतूनही श्वास घेते. बाबा छातीएवढ्या पाण्यात उभे राहून एकेक राहू ओल्या हातानं उचलत होते. मेलेल्या माशाला काय ओलं, काय कोरडं, पण ते आधी हात बुडवायचे आणि मग उचलायचे.

काठावर सगळे उभे होते. कोणी रडत नव्हतं. आमच्या शेजारचे एक म्हातारे आजोबा माझ्याजवळ आले आणि अगदी साधेपणानं म्हणाले, "थंड हाय म्हनली होती ना वं तू?" ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. पाण्यातून बाबांचा आवाज आला, एवढा मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता: "पोरीले कोनी काई बोलायचं नाई! सांगून ठेवतो!" अकोल्याचे चाचा तीन वाजता गाडी घेऊन आले. पाण्यात आपोआप मेलेला मासा ते घेत नसत, तरी थांबले, लुंगी खोचून खड्डा खणू लागले. संत्रावाल्या काकांनी शेततळ्यातून बादली भरून आणली. पाइपातून वाहत गेलेली राहूची बोटभर पिल्लं होती तिच्यात. जिवंत होती. उड्या मारत होती. काका मला ती दाखवायला आणत होते, बिचारे, मला बरं वाटावं म्हणून. मी बादलीकडं पाहिलं आणि पाळीच्या मागं जाऊन ओकले.

बुढीला पुरताना मायनं तेच हिरवं लुगडं तिच्यावर टाकलं. बाबा म्हणाले, "काहून वं, नवं हाय ते." माय म्हणाली, "मले नाई नेसवत आता."

दुसऱ्या दिवशी मी डोहाचं पाणी घेऊन कॉलेजात गेले. यावेळी बाटली भरायची कशी ते मी मॅडमना फोन करून विचारलं होतं. लाज कुठच्या कुठं गेली होती. मॅडमनी त्यात पहिलं औषध टाकलं, मग दुसरं. "यात प्राणवायू असला की तपकिरी गाळ होतो," त्या म्हणाल्या. "जितका जास्त तितका गडद." बाटलीत दुधासारखं पांढरं झालं. तपकिरीचा ठिपकाही नाही. मी हजारो वेळा त्या बाटल्यांच्या बुडाचा तपकिरी गाळ घासून काढला होता, वैतागून, नखं पिवळी झाली म्हणून बोंबलत. तो गाळ म्हणजे श्वास होता हे मला त्या दिवशी कळलं. मॅडम समजावून सांगत होत्या: वरचं पाणी तापून हलकं होतं, खालच्या थंड पाण्यावर झाकणासारखं बसतं, खाली हवा पोहोचत नाही. उन्हाळा जितका लांब आणि कडक, तितकं झाकण घट्ट. गारांचं जड पाणी खाली गेलं, वारा लागला, तळ ढवळून वर आला, आणि सगळा डोहच तसा झाला. "बाटल्या ने म्हणाले होते मी तुला," शेवटी म्हणाल्या. रागानं नाही. मी म्हटलं, "हो मॅडम," आणि ती बाटली धुवायला घेतली.

घरी मी हे सांगितलं नाही. गावाला वाटलं, गारांनी मासे मेले. देवानं केलं. वाटू दिलं. मला गावाला काहीबाही वाटू देण्याची सवयच होती.

पुढच्या पुरात नाल्यात चढणारं कोणी नव्हतं. शेततळ्यातली पिल्लं मूठभर, आणि अंडी टाकायला त्यांना अजून वर्षं लागणार होती. दुसऱ्या वर्षी विकतचं बीज आणून टाकलं, ते अर्धं काठावरच मेलं. आता तलावात चिलापी मासळी आहे. गरम पाणी तिला चालतं, हिरवी साय तिला चालते, तिला सगळंच चालतं. आमची निम्मी घरं उठून गेली, काही वीटभट्टीवर, काही बडनेऱ्याकडं हमालीला. बाबांनी त्यानंतर पाणी तोंडात धरलं नाही. लोटा खुंटीवर होता, मग मायनं तो घासूनपुसून तांदळाच्या डब्यात मापाला ठेवला. बाबा डोंग्यात बसायचे, दुसरे म्हणतील तिथं जाळं टाकायचे. कोणी विचारलंच, तर म्हणायचे, "मले काय समजते?" हे ते गमतीत म्हणायचे. मी ऐकायचे, आणि बाहेर निघून जायचे.

मागच्या वैशाखात बाबा आजारी पडले. अंगात ताप राहायचा, उतरायचा नाही. मी रजा टाकून गेले. दुपारी त्यांच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवला, ते डोळे मिटून धरून राहिले, आणि तसे ते पडलेले पाहून माझ्यानं राहवेना. इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते बोलायला लागले. त्यांच्या तोंडात काच होती म्हणूनच जमलं असेल. म्हटलं, "बाबा, तुमची जीभ खरी होती. पाणी मुकं होतं. मी नंतर बाटलीत पाहिलं, पांढरं झालं होतं. गारांनी नाई मेले. माझ्यानं मेले. मी तुमाले सांगितलं नाई."

बाबांनी थर्मामीटर काढून माझ्या हातात दिला.

"मले मालूम होतं वं."

"कधी?"

"घोट तोंडात होता तवाच."

"मग बोलले काहून नाई?" मी ओरडले. आजारी माणसावर ओरडले. "काहून नाई बोलले? माझ्या थोबाडीत द्यायची होती! तुमचे घरचे होते ते!"

"सारी मानसं तुयाकडे पाहून रायली होती. पहिल्यांदाच आपल्या घरच्या कोनाकडे अशी पाहून रायली होती. कसा बोलू मी?"

"बाबा, मी शिकलेली नाई. मी तिथं बाटल्या धुते. निस्त्या बाटल्या धुते मी."

"तेबी मालूम होतं," बाबा म्हणाले. "कानोल्याचा डबा घेऊन आलतो ना. खिडकीतून पायलं मी तुले." मग म्हणाले, "साजऱ्या धूत होती."

माय चुलीजवळून विचारत होती, किती हाय वं ताप, किती हाय. माझ्या हातात काच होती, आणि मला पारा दिसत नव्हता.